"नोकरी सोडू का, फादर?"



पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास एका शनिवारी संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला. त्याचे नाव आणि गाव मी लिहीत नाही. बाकीचे त्याला विचारूनच लिहीत आहे. वय पस्तिशीच्या आत. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. नंदुरबारच्या एका वितरकाकडे तो आठ वर्षे मालाचा टेम्पो चालवतो. सकाळी गोदामात माल भरायचा आणि शहादा, तळोदा, तिथून चांदशैली घाट चढून धडगावपर्यंतच्या दुकानांत उतरवायचा, हे त्याचे रोजचे काम. पगार सात तारखेला बँकेत जमा होतो. पीएफ कापला जातो. दिवाळीला बोनस मिळतो. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. राजीनामा होता.

"सोमवारी देऊन टाकतो, फादर. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा."

स्वतःचा पिकअप घ्यायचा, शहादा-तळोद्याची केळी आणि पपई, हंगामात नंदुरबारची मिरची सुरतेला न्यायची, असा त्याचा बेत होता. बेत वाईट नव्हता. तरी मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

त्याचे कारण आधी सांगतो, कारण त्यात माझीच चूक आहे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, असाच एक भाऊ माझ्याकडे आला होता. तोही ड्रायव्हरच होता. मी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "घे उडी, देव पाहून घेईल." माझ्याकडे वेळ कमी होता आणि वाक्य तयार होते. दीड वर्षाने फायनान्सवाल्यांनी त्याची गाडी दारातून ओढून नेली. जामीनदार म्हणून त्याच्या मेव्हण्याने सही केली होती, त्याच्याशीही बोलणे बंद झाले. तो भाऊ मला कधी एका शब्दाने बोलला नाही. पण मिस्साला आला की मागच्या दारातून निघून जायचा. देवाच्या नावाने मी जो सल्ला दिला होता, तो खरे तर माझ्या घाईचा होता. तेव्हापासून मी ठरवले आहे की, जे बसून मोजता येते ते आधी मोजायचे. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला आहे (14:28-30). खर्चाचा हिशेब न करता पाया घालून बसलेल्या माणसाला लोक हसतात, असे प्रभू सांगतो. हा दाखला आपण शिष्यत्वाविषयी ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण प्रभूने उदाहरण घेतले ते साध्या व्यवहाराचे. हिशेब करणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे त्याला वाटत नव्हते, हे त्यातून दिसते.

मी त्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला, "हा कागद कधी लिहिलास?" तो म्हणाला, "गुरुवारी रात्री." गुरुवारी काय झाले होते? गोदामात दोन पेट्या कमी भरल्या आणि सर्वांसमोर सुपरवायझरने त्याला चोर म्हटले. नंतर पेट्या गोदामातच सापडल्या. माफी मात्र कोणी मागितली नाही. घरी येऊन न जेवता त्याने राजीनामा लिहिला.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती (1491–1556) हे आधी दरबारी माणूस होते. नवाराच्या व्हाइसरॉयच्या पदरी होते. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचे मन बदलू लागले. तेही एक चांगले स्थान सोडूनच आले होते, पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाच्या हालचाली पाहिल्यावर. पुढे त्यांनी "आध्यात्मिक साधना" या पुस्तकात या हालचाली ओळखण्याचे नियम लिहिले. त्यांतला एक नियम ड्रायव्हरलाही लागू पडतो आणि फादरलाही. मन खचलेले, कडवट, अंधारलेले असेल तेव्हा नवा फेरबदल करू नये. त्याआधी शांत मनाने जे ठरवले होते त्यावर टिकून राहावे. नोकरी कधीच सोडू नये, असे हा नियम सांगत नाही. गुरुवारच्या रात्री सोडू नये, एवढेच सांगतो.

त्याला मी म्हणालो, "अपमान झाला हे खरे आहे. त्याबद्दल मालकाशी बोललेच पाहिजे, आणि ते तू शांतपणे बोल. पण अपमानाचा हिशेब वेगळा आणि पिकअपचा हिशेब वेगळा. दोन्ही एका कागदावर मांडू नकोस."

इथे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पोप संत ग्रेगरी (कार्यकाळ 590–604) यांनी एका प्रवचनात छान प्रश्न उभा केला आहे. पुनरुत्थानानंतर पेत्र पुन्हा मासे धरायला गेला. मग मत्तय पुन्हा जकात नाक्यावर का गेला नाही? त्यांचे उत्तर असे की, काही धंदे पापाशिवाय करता येतात, तर काही जवळजवळ येतच नाहीत. पहिल्याकडे परत जायला हरकत नाही, दुसऱ्याकडे परतायचे नाही. म्हणून मी त्याला स्पष्टच विचारले, "तुला कधी खोटी बिले घेऊन जायला सांगतात का? दारूचे खोके मालाखाली लपवतात का? क्षमतेपेक्षा जास्त माल भरून घाटात पाठवतात का? झोप झालेली नसताना गाडी काढायला लावतात का?" तसे असेल तर प्रश्न पिकअपचा उरतच नाही, तिथून निघावेच लागते, पुढची सोय अर्धवट असली तरी. त्याने विचार करून सांगितले, "नाही फादर. माणसे तोंडाची वाईट आहेत, पण काम सरळ आहे." मग नोकरीत राहणे पाप नाही आणि सोडणेही पाप नाही. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. अशाच ठिकाणी माणसाला खरी अक्कल वापरावी लागते. आज्ञा पाळून सुटता येत नाही.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस (1225–1274) शिकवत. तेव्हा मला ते फार कोरडे वाटत. आता पुन्हा काढून वाचतो. शहाणपणाची तीन कामे ते सांगतात: आधी सल्लामसलत, मग निवाडा, मग अंमल. आणि उतावळेपणाचे वर्णन करताना उंचावरून पायऱ्या न उतरता खाली कोसळणाऱ्याची उपमा देतात. मागची आठवण, आताची समज, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी, या त्या पायऱ्या. मी हे त्या तरुणाला जमेल तसे सांगितले. तो हसला. म्हणाला, "म्हणजे घाट न्यूट्रलमध्ये उतरणे." तेराव्या शतकातल्या पानांचे यापेक्षा चांगले मराठी भाषांतर मला तरी जमले नसते.

मग आम्ही वही काढली.

सुरक्षित नोकरी म्हणजे नक्की काय, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी उघडून पाहिलेलेच नसते. बरीच वर्षे चालली म्हणून आपण तिला सुरक्षित म्हणतो. आपल्या जिल्ह्यात एसटीची नोकरी हा सुरक्षिततेचा दाखलाच मानला जातो. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा या आगारांत कोणी चिकटला की घरच्यांना वाटते, मुलगा मार्गी लागला. पण 28 ऑक्टोबर 2021 पासून त्याच एसटीचे कर्मचारी संपावर गेले. शासनात विलीनीकरण करा, ही त्यांची मागणी होती. नोव्हेंबरमध्ये मूळ पगारात 2,500 ते 5,000 रुपयांची वाढ जाहीर झाली, तरी बहुतेक परतले नाहीत. हजारो निलंबित झाले, हजारो बडतर्फ झाले. शेवटी एप्रिल 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर हजर व्हा असे सांगितले, तेव्हा गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. विलीनीकरण झाले नाही. कोण चूक, कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. बाहेरून पक्की दिसणारी भिंत आतून किती ओलसर असू शकते, एवढेच यातून घ्यावे. तेव्हा आपल्या नोकरीत खरोखर काय काय आहे ते कागदावर पाहावे.

आमच्या तरुणाचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये. त्यातून 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये, दरमहा पीएफमध्ये जातात. मालकही तेवढेच भरतो. त्याच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत आणि उरलेले पीएफमध्ये. हे 1,800 रुपये त्याला आजवर फक्त "कपात" म्हणून माहीत होते. मालकाचे 1,800 तर तो पगारात धरतच नव्हता. पेन्शन मिळण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. त्याची झाली आहे आठ. दहा वर्षांवर त्याला 58 व्या वर्षापासून महिन्याला दोन हजारांच्या थोडी वर रक्कम बसेल. फार मोठी नाही, पण जन्मभराची आहे. आता सोडलेच तरी पेन्शनचे पैसे काढून न घेता योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवता येते. पुढे पुन्हा पीएफ असलेल्या ठिकाणी लागला तर ही आठ वर्षे धरली जातात. अनेक जण सगळे काढून घेतात आणि ती वर्षे पुसून टाकतात.

ग्रॅच्युइटी हा शब्द त्याने ऐकला होता, पण ती "साहेब लोकांना" मिळते असे त्याला वाटत होते. तसे नाही. जिथे तो कायदा लागू आहे तिथे कायम कामगाराला सलग पाच वर्षे झाली की हक्क येतो. शेवटचा मूळ पगार व भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षे. त्याच्या आठ वर्षांचे सुमारे 69,000 रुपये होतात. (21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना एका वर्षानंतरही हा हक्क आहे, कराराने काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.) तिसरी गोष्ट विम्याची. पीएफचा सभासद नोकरीत असताना वारला तर त्याच्या वारसाला सात लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. नोकरी सुटली की हे छत्रही जाते. चांदशैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, हे मी वाचकांना सांगायला नको. त्याच्या बायकोचे नाव वारस म्हणून नोंदलेले आहे का, असे विचारले तर तो गप्प बसला. ते काम त्याने दुसऱ्याच दिवशी केले.

आता पिकअपची बाजू. तिथे मी काही शिकवण्यापेक्षा त्यानेच मला शिकवले: हप्ता, विमा, टायर, डिझेल, सर्व्हिसिंग, फिटनेस, भरणारा-उतरवणारा माणूस, रस्त्यावरचे जेवण. त्याचा हिशेब छान जुळत होता. मी फक्त विचारले, "हा महिना कोणता धरलास?" त्याने जानेवारी धरला होता. नंदुरबारच्या बाजारात मिरची ओसंडत असते, गाडीला उसंत नसते, तो महिना. आम्ही तोच हिशेब श्रावणाचा केला. मिरची नाही, केळीला भाव पडलेला, गाडी चार दिवस दारात. हप्ता मात्र जानेवारीइतकाच. तेव्हा असे दिसले की किमान सहा हप्त्यांचे पैसे हातात असल्याशिवाय हा बेत उभा राहत नाही. आज त्याच्याकडे दोन हप्त्यांचे आहेत.

इथे तो थोडा चिडला. "फादर, असा हिशेब करत बसलो तर कोणीच काही करणार नाही. रजनीकांत पण कंडक्टरच होता ना?"

होता. आणि तो आपल्याच भाषेच्या घरातला. शिवाजीराव गायकवाड, जन्म 12 डिसेंबर 1950, बंगळूरमधील मराठी कुटुंब, वडील पोलिसात. बंगळूरच्या शहर बससेवेत तो कंडक्टर होता. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. ती सोडून 1973 मध्ये तो मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला आणि 1975 मध्ये के. बालचंदर यांच्या "अपूर्व रागंगल" या चित्रपटातून पडद्यावर आला. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण तिच्यात आणखी एक माणूस आहे. 25 ऑक्टोबर 2021 रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांतने आपले गुरू बालचंदर आणि थोरले भाऊ सत्यनारायणराव यांच्याबरोबर राज बहादूर यांचे नाव घेतले. हे राज बहादूर त्याच बससेवेत ड्रायव्हर होते. तुझ्यात अभिनय आहे, हे त्यांनी आधी ओळखले आणि सिनेमाकडे जा म्हणून मागे लागले. मद्रासच्या दिवसांत ते आपल्या पगारातून मित्राला पैसे पाठवत, असे सांगितले जाते.

या गोष्टीकडे मी आता असे पाहतो. दोन मित्र एका बसमध्ये काम करत होते. एकाने नोकरी सोडली आणि दुसरा स्टिअरिंगवर बसून राहिला. दुसऱ्याचा पगार चालू होता म्हणून पहिल्याला शिकता आले. आपण ज्याने सोडली त्याचे पोस्टर लावतो. ज्याने सोडली नाही त्याच्याशिवाय ती गोष्ट घडली नसती. शिवाय त्याच काळात मद्रासला गेलेले आणि रिकाम्या हाताने परतलेले किती असतील, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाही.

मी त्या तरुणाला विचारले, "तुझा राज बहादूर कोण?"

त्याला उत्तर देता आले नाही. कारण घरी त्याने कोणालाच सांगितले नव्हते. बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे! मी म्हणालो, तुझी नोकरी तुझ्या एकट्याची आहे असे तुला वाटते, पण सात तारखेवर चार जण उभे आहेत. ते चार जण नको म्हणतील म्हणून थांबायलाच हवे असे नाही. पण ओझे ज्यांच्या खांद्यावर पडणार आहे त्यांना आधी विचारलेच पाहिजे. अक्वायनस ज्याला सल्लामसलत म्हणतो, ती फादरच्या खोलीत पूर्ण होत नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. बायको शांतपणे ऐकत होती. तिने विचारले की हप्ता किती वर्षांचा, आणि अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली तर मी अर्ज करू का. आई मात्र बराच वेळ बोलली नाही. तिचे अर्धे आयुष्य ऊसतोडीत गेले आहे. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला बिऱ्हाड घेऊन गुजरातेत जायचे; धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अनेक घरांची हीच कहाणी आहे. या मुलाचा जन्मही उसाच्या फडाजवळच्या खोपटातला. त्या घरात महिन्याच्या ठरावीक तारखेला पैसे आणणारा तो पहिला. शेवटी ती म्हणाली, "बेटा, फायनान्सचे पैसे म्हणजे पण उचलच ना?"

त्याला वाटत होते की तो मालकाच्या हाताखालून सुटणार आहे. आईला दिसत होते की तो पुन्हा मुकादमाच्या वहीत जाणार आहे. दोघांचेही खरे होते. कर्ज आणि उचल यांत फरक आहे. गाडी शेवटी आपली होते, उसाच्या फडात आपले काहीच होत नव्हते. पण तो फरक तिला समजावून सांगण्याची जबाबदारी त्याची होती, आणि ते समजावताना त्यालाच कळले की व्याजाचा दर त्याने नीट विचारलेला नाही.

संत इग्नाती आणखी दोन युक्त्या सांगतात. ज्याला तू कधी पाहिले नाहीस, पण ज्याचे भले व्हावे असे तुला वाटते, अशा माणसाला या प्रश्नात काय सांगशील? आणि मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना काय निवडलेले असावे असे वाटेल? पहिल्या प्रश्नावर तरुण म्हणाला, "मी त्याला सांगेन, सहा हप्ते जमव." दुसऱ्यावर म्हणाला, "मरताना मला असे नको वाटायला की भीतीपोटी आयुष्यभर दुसऱ्याचीच गाडी हाकली." दोन्ही उत्तरे मला खरी वाटली, म्हणून मी दोन्ही जपून ठेवली आहेत. पहिले वेळेविषयी आहे, दुसरे दिशेविषयी.

परतीच्या वाटेचेही आम्ही बोललो. पेत्राची नाव काठावर होती, तशी याच्याकडे काय आहे? एक, त्याचे लायसन. 6 नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे ड्रायव्हरचे काम त्याला कुठेही मिळू शकते. दोन, त्याचे नाव. आठ वर्षांत एक अपघात नाही. हे नाव टिकवायचे तर नोटिशीची मुदत पूर्ण करून, हिशेब चुकता करून, अनुभवाचा दाखला घेऊन निघायचे. चावी टेबलावर आपटून नव्हे. सुपरवायझर तोंडाचा वाईट असला तरी मालकाची सही उद्या लागणार आहे.

आज स्थिती अशी आहे. तो नोकरीत आहे. मालकाशी पेट्यांविषयी बोलला. मालकाने सुपरवायझरला समोर बोलावून चूक कबूल करायला लावली. त्याच्या सुटीच्या दिवशी तो एका ओळखीच्या पिकअपवर सुरतेच्या खेपा करून पाहतो आहे. व्याजाचे दर तीन ठिकाणी विचारले आहेत. बायकोने अंगणवाडीचा अर्ज भरला आहे. राजीनाम्याचा कागद त्याने माझ्याकडेच ठेवला. दिवाळीनंतर, सहा हप्ते जमले किंवा जमले नाहीत तरी, चौघांनी एकत्र बसून पुन्हा बोलायचे ठरले आहे. तो सोडेल की राहील, मला माहीत नाही, आणि तो निवाडा माझा नाही.

या महिन्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत लूक 14:28-30 वाचावे आणि आपापल्या घरातील कमावत्या माणसाच्या नोकरीविषयी बोलावे: त्या पगारावर किती जण उभे आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना विचारून आजवरचे निर्णय झाले? तिसऱ्या रविवारी मिस्सानंतर पीएफचे पासबुक आणि पगाराची पावती घेऊन सभागृहात यावे. वारसाची नोंद कशी करायची, हे दाखवायला बँकेत काम करणारे आपल्यातीलच एक बंधू थांबणार आहेत.